वारा मिरवतो

चऱ्होलीच्या जुन्या गावठाणातून नव्या सोसायट्यांकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे बकुळीच्या सावलीला टेकून एक बैठे घर उभे आहे. त्या घराच्या गच्चीवर, बरोबर मधोमध, भाजक्या विटांचा एक चौकोनी मनोरा आहे. त्याला कळस नाही, घंटा नाही, पाण्याची टाकीही नाही. पश्चिमेच्या अंगाला तेवढ्या उभ्या, अरुंद फटी ठेवलेल्या आहेत; बाकीच्या तिन्ही बाजू बंद. हे नेमके काय असावे, याचा निवाडा गावाला अजून करता आलेला नाही. मोबाइलच्या टॉवरसाठी जागा शोधत हिंडणारा एक मनुष्य दारात आला आणि आपल्या आधी कोणत्या कंपनीने नंबर लावला, अशी हळहळत चौकशी करून गेला. धुण्याभांड्याला येणाऱ्या अंबूबाईंनी तर बांधकाम पुरे झाले त्या दिवशी फाटकातच चपला काढल्या, मनोऱ्याला हात जोडले आणि आत देव कोणता बसवला, असे विचारले.

"वायुदेव," घरच्या बाई म्हणाल्या. "पण अजून प्रसन्न व्हायचाय."

घरच्या बाई म्हणजे अरुंधती सोवनी. ज्यांनी हा मनोरा हट्टाने बांधून घेतला, ते त्यांचे यजमान प्रभाकरराव.

प्रभाकररावांचे आयुष्य तपासणीत गेले. पिंपरीच्या एका कारखान्यात तयार झालेले ओतीव भाग त्यांच्या टेबलावर येत. ते प्रत्येक भाग हातात घेत, मापाला लावून पाहत, उजेडाकडे धरत, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारत. आणि त्यात उणे आढळले तर लाल रंगात बुडवलेल्या कुंचल्याने त्यावर एकच शब्द लिहीत : बाद. या अधिकाराचा त्यांना कधी हर्ष झाला नाही. ज्याच्या हातून तो भाग घडला, त्याच्या तोंडाकडे पाहण्याचे ते टाळत. संध्याकाळी चिंचवडच्या घरी आले म्हणजे बोटांच्या पेरांना लागलेला लाल रंग साबणाने घासून घासून धूत. तो पुरता निघाल्यावाचून देवापुढे बसणे त्यांना प्रशस्त वाटत नसे.

वीसेक वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना इराणला पाठवले. यज्द शहराच्या वाटेवर, वाळवंटाच्या काठाला मेबोद नावाचे एक प्राचीन गाव आहे. तिथे चिनी मातीच्या फरशा बनवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात फरशा दाबणारी यंत्रे बसवायची होती आणि प्रत्येक भाग पारखून मगच जागेवर चढू द्यायचा, हे प्रभाकररावांचे काम होते. राहण्याची सोय उस्ताद हबीब नावाच्या एका वृद्ध गवंड्याच्या घरी झाली. गावातल्या पुरातन वास्तूंना मातीचा नवा गिलावा चढवणे हा उस्तादांचा पिढीजात व्यवसाय होता.

पहिल्याच सकाळी उस्तादांनी त्यांना गच्चीवर नेले, आपल्या घराच्या मनोऱ्यावर प्रेमाने थाप मारली आणि म्हणाले, "बादगीर." प्रभाकररावांचा चेहरा पडला. एवढा देखणा, सरळ रेषेत चढवलेला मनोरा, आणि हा बाद? त्यांनी गिलाव्यावरून हात फिरवला, कडा निरखल्या. दोष काही सापडेना. अखेरीस उस्तादांनी गाल फुगवून फुंकर घातली, हवेत बोटे नाचवली, आणि तेव्हा कुठे उमगले की इथे बाद म्हणजे वारा. ज्या शब्दाने आपण आयुष्यभर वस्तू मोडीत काढल्या, तोच शब्द या देशात माणसाच्या कपाळावरचा घाम टिपतो, या विचाराने त्यांना असे हसू लोटले की उस्तादही कारण न कळता त्यात सामील झाले.

भाषा येत नसली तरी शब्दांवाचून दोघांचे अडले नाही. किल्ला, बुरूज, दरवाजा, बाग, बाजार, हौद, जमीन, हवा : जे नाव प्रभाकररावांनी उच्चारावे, ते उस्तादांच्या घरी थोड्या निराळ्या हेलाने आधीच नांदत असायचे. घरच्या मंडळींशी उस्ताद भराभर, तुटक बोलत. पण पाहुण्याला समजावे म्हणून त्याच्याशी पुस्तक वाचल्यासारखे सावकाश, अक्षर अक्षर सुटे करून बोलत. सकाळी कामावर निघताना छातीवर हात ठेवून म्हणत, "मन मीरवम." मी निघतो, एवढा त्याचा अर्थ. प्रभाकररावही मग छातीवर हात ठेवून तेच म्हणत आणि कारखान्याची वाट धरत.

सुटीच्या शुक्रवारी उस्ताद त्यांना गाव दाखवीत. मेबोद हे मातीचे गाव. मातीत पेंढा कालवून केलेला तिथला गिलावा उन्हात पिकल्या गव्हाच्या रंगाचा दिसतो, आणि भिंत कुठे संपली, जमीन कुठे सुरू झाली, हे दुरून सांगता येत नाही. मध्यभागी नारीन किल्ला आहे. कच्च्या विटांचे त्याचे थर इतक्या शतकांचे, की कोणता थर कोणाच्या राजवटीतला हे सांगताना उस्ताद नुसताच हात मागे, आणखी मागे नेत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांसाठी बांधलेली सराई आहे, तिच्या अंगणात घुमटीखाली हौद आहे आणि डोंगरातले पाणी जमिनीच्या पोटातून वाट काढत त्या हौदापाशी येते. समोरच बर्फघर आहे. मातीचा एक प्रचंड शंकू, त्याच्या पोटात खोल खड्डा, आणि बाहेर एक उंच भिंत. कडाक्याच्या थंडीत त्या भिंतीच्या सावलीत उथळ पाणी सोडायचे, गोठले की फोडून खड्ड्यात भरायचे आणि उन्हाळ्यात गावाला थंडावा वाटायचा. वाळवंटातल्या माणसांनी हिवाळा असा पुरून ठेवला होता, हे पाहून प्रभाकरराव त्या शंकूपुढे बराच वेळ टोपी काढून उभे राहिले. कबुतरखाना पाहिला, आत भिंतीभर देवघरातल्यासारखे कोनाडेच कोनाडे. पाण्याची भूमिगत टाकी पाहिली आणि ती कोणा गृहस्थाने पूर्वजांच्या पुण्यार्थ बांधून दिली हे ऐकले, तेव्हा आपल्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभाची त्यांना आठवण झाली. तहानेचे शास्त्र सगळीकडे एकच असले पाहिजे, असे त्यांनी त्या दिवशी अरुंधतीबाईंना फोनवर सांगितले.

पण त्यांचे मन खरे गुंतले ते मनोऱ्यांत. नारीन किल्ल्याच्या माथ्यावरून पाहिले म्हणजे सगळ्या गावाचे बादगीर एकाच दिशेला तोंड करून उभे दिसत. इस्फहानच्या अंगाने चांगला वारा येतो, म्हणून साऱ्या गावाने आपले मुख तिकडे वळवलेले. जणू घरेच्या घरे कोणाची तरी वाट पाहत बसली आहेत.

भर दुपारी उस्ताद आपल्या मनोऱ्याखालच्या दालनात बसत. अंगणातल्या हौदाकडचे दार उघडत, हात दाराकडून वर मनोऱ्याकडे नेत आणि डोळे मिटून समाधानाने म्हणत, "बाद मीरवद." त्या दालनात खरोखरच अंगाला सुखद शिरशिरी येई. प्रभाकररावांच्या मराठी कानाला अर्थ विचारण्याची गरजच भासली नाही. वारा मिरवतो! कानाला किती नेमके, किती ऐटबाज वाटले. मनोऱ्याच्या उंच दारातून एखाद्या सरदारासारखा वारा खाली उतरतो आणि दालनात मिरवतो. घरी परतल्यावर त्यांनी हे वाक्य इतक्या वेळा सांगितले की ते सोवनींच्या घरचेच होऊन गेले. मुलगा केयूर नवा शर्ट घालून निघाला की आई म्हणे, "बाद मीरवद हो अगदी."

अरुंधतीबाई चिंचवडच्या शाळेत संस्कृत शिकवत. यजमानांनी शब्द आणला की त्याचे मूळ खणल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. त्यांनी सांगितले की हा बाद म्हणजे आपला वातच. प्रवासात उच्चार झिजला एवढेच. तुमचा लाल रंगातला बाद वेगळा, तो अरबस्तानातून आला. दोघांची गाठ पडली ती मराठीच्या ओसरीवर. आणि गीर म्हणजे ग्रहण करणारा, धरणारा.

"आलमगीर म्हणजे जग धरणारा. दिलगीर म्हणजे ज्याचं मन दुःखानं धरलंय तो. दस्तगीर म्हणजे हात धरणारा."

"मग तो मी," प्रभाकरराव म्हणाले.

"तुम्ही मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता डोळ्यांत गेली म्हणून डोळे चोळत होता. हात मीच धरला."

निवृत्तीनंतर दोघांनी मेबोदला जायचे, असे ठरले होते. ते व्हायचे नव्हते. आधी घराचे बांधकाम निघाले. चऱ्होलीला जागा घेऊन घर बांधले तेव्हा भोवती ज्वारीची शेते होती आणि गच्चीवर वाळत घातलेले लुगडे चिमट्यांना जुमानत नसे. मग एका हिवाळ्यात अरुंधतीबाईंना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या, पण फुप्फुसे कायमची नाजूक झाली. पुढे इराणकडच्या बातम्याही अशा येऊ लागल्या की बातमी ऐकताना प्रभाकरराव आवाज कमी करत. उस्तादांची खबर येईनाशी झाली.

दरम्यान घराभोवतीची शेते गेली आणि इमारती आल्या. उत्तरेला एक, दक्षिणेला दोन. बैठे घर विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे झाले. उन्हाळ्यात मधल्या खोलीत हवा म्हणून नावाला नसे; पंखा होती तीच गरम हवा घुसळी. एसीच्या कोरड्या गारव्याने अरुंधतीबाईंना खोकल्याची उबळ येई आणि ती आली की ओठ निळसर पडत. गेल्या वैशाखात त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. डॉक्टरांनी बजावून सांगितले : औषधापेक्षा यांना खेळती हवा द्या.

केयूर रावेतला एका उंच इमारतीत राहतो. त्याच्या गॅलरीत वारा मुबलक आहे. आई-बाबांनी कायमचे तिकडे यावे, घर भाड्याने द्यावे, असे त्याचे म्हणणे होते आणि त्या म्हणण्यात प्रेमाखेरीज काही नव्हते. परंतु अरुंधतीबाईंचा पाय घरातून निघत नव्हता. बकुळ त्यांनी हाताने लावलेली. सकाळी उठून अनवाणी पायाने मातीवर चालणे, पडलेली फुले वेचणे, एवढेच सुख आता त्यांच्या वाट्याला उरले होते. एकदाच त्या म्हणाल्या, "लिफ्टनं खाली उतरून कोणी माती बघायला जातं का?" आणि मग तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांचे न बोलणे प्रभाकररावांना सोसवेना. एक उन्हाळा मला दे, असे त्यांनी मुलाला सांगितले. मधल्या खोलीवर बादगीर बांधतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत तुझ्या आईला त्या खोलीत निवांत श्वास घेता आला तर आम्ही इथेच राहू. नाहीतर त्याच दिवशी तुझ्याबरोबर येऊ. केयूरने कबूल केले.

बांधकाम केले गावातल्याच उद्धवराव गवंड्यांनी. त्यांनी आयुष्यात घरे, गोठे, एक शाळा आणि दोन देवळांचे ओटे बांधले होते. असला प्रकार प्रथमच.

"सायेब, धुराडं म्हनावं तर खाली चूल न्हाई, शिखर म्हनावं तर देव न्हाई. लोकांनी इचारलं तर सांगू काय?"

"सांगा, वाऱ्यासाठी सराई बांधतोय."

"व्हय, पन त्यो मुक्कामाला यायला पायजे ना."

थट्टा करत करत उद्धवरावांनी काम मात्र मन लावून केले. आतल्या भिंती ओळंब्यात, फटी सारख्या, विटांचे सांधे रेखल्यासारखे. प्रभाकररावांनी गच्चीवर काठीला फीत बांधून आधी वाऱ्याची दिशा पारखली होती. पश्चिमेची बाजू तेवढी मोकळी होती, म्हणून मनोऱ्याचे तोंड पश्चिमेला ठेवले. पण मनोरा चढत असतानाच समोरच्या मोकळ्या जागेतही एक सांगाडा चढू लागला. हिरव्या जाळीत गुंडाळलेला तो सांगाडा एकदोन मजल्यांवर थांबेल, अशी प्रभाकररावांची समजूत होती. तो थांबला नाही. गुढीपाडव्याला मनोरा पुरा झाला आणि त्याच्या तोंडासमोर सिमेंटची भिंत उभी राहिली. उद्धवराव कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

तरीही प्रभाकररावांनी आशा सोडली नाही. मनोऱ्याखाली खुर्ची टाकून, तळवा वर करून, ते दुपारदुपार बसू लागले. वारा धरायचा आहे, धरलेला निसटता कामा नये, या विचाराने ते आधी मागचे दार लावत, मग खिडक्या, मग दाराखिडक्यांच्या फटींना कापडाच्या घड्या लावत. गीर या शब्दाशी त्यांची अशी निष्ठा होती. खोली पहिल्यापेक्षा अधिकच कोंदू लागली. अरुंधतीबाई पलंगावर उशीला टेकून बसत, पदराने वारा घेत आणि यजमानांच्या उघड्या तळव्याकडे बघत राहत. खोकला दाबण्यासाठी त्या तोंडात लवंग धरून ठेवत. आपल्या खोकल्याने त्यांच्या मनोऱ्याला दोष लागू नये, हा हेतू. प्रभाकररावांना हे कळत होते. लवंगेचा वास त्या कोंडलेल्या खोलीत लपण्यासारखा नव्हता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी ते खुर्चीवरून उठले. मनोऱ्याच्या पोटातल्या अंधाराकडे पाहून एवढेच म्हणाले, "बाद."

"असं म्हणू नका," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मला मेबोद दाखवायचं होतं ना तुम्हाला. दाखवलंत की."

प्रभाकरराव फोनकडे वळले. केयूरला फोन करून उद्या जेवण झाल्यावर ये, असे सांगितले आणि मोरीत जाऊन हात धुऊ लागले. हाताला रंग लागलेला नव्हता. तरी बराच वेळ धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मडक्यात वाळा घालून पूर्वजांच्या नावाने पाणी दिले, आमरसाचा नैवेद्य झाला. दोन बॅगा आणि औषधांची पिशवी दाराशी येऊन बसली. अंबूबाईंना घराची किल्ली आणि तुळशीला पाणी घालण्याचे काम सोपवून झाले. जेवणानंतर ऊन असे तापले की रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. प्रभाकरराव शेवटचे म्हणून मनोऱ्याखाली जाऊन बसले. तळवा मात्र त्यांनी आज पुढे केला नाही.

अरुंधतीबाई मागच्या अंगणात गेल्या. आता बकुळीला पाणी कोण घालील, कसे घालील, कोण जाणे. निदान आज तरी पोटभर घालावे, असे त्यांच्या मनात होते. बादली उचलायची त्यांना मनाई होती, म्हणून तांब्या तांब्या करत त्यांनी आळे भरले. उरलेले पाणी तापलेल्या फरशीवर शिंपडले. माहेरून निघताना लेकीने उंबऱ्यावर हात फिरवावा, तसा दाराला टांगलेल्या वाळ्याच्या कोरड्या पडद्यावर त्यांनी ओला हात फिरवला, मग दोनचार तांबे त्याच्यावरही ओतले. हे करताना दार उघडेच राहिले.

आत प्रभाकररावांच्या मानेवर काहीतरी गार टेकले. अरुंधती मागे उभी राहून पदराने वारा घालते आहे, असे त्यांना वाटले. "नको गं, तुझा हात दुखेल," असे म्हणत ते वळले. मागे कोणीही नव्हते. दारातला ओला पडदा फुगून आत आला होता, आणि वाळ्याचा सुवास घेतलेली हवा त्यांच्या अंगावरून पुढे जात होती.

आयुष्यभराची सवय अशी सुटत नाही. त्यांनी उठून दार लावले; पडदा मेल्यासारखा लोंबला. दार उघडले, पडदा फुगला. पुन्हा लावले, पुन्हा उघडले. मग देवघरातली सकाळची अर्धी राहिलेली उदबत्ती आणून पेटवली आणि दारापाशी धरली. धुराची रेघ आडवी झाली, खोलीभर चालत गेली आणि मनोऱ्याखाली पोचताच वळून सरळ वर, त्या अंधाऱ्या पोटातून आकाशाकडे निघून गेली. उन्हाने तापलेला मनोरा खोलीतली ऊन हवा वर ओढून घेत होता आणि तिच्या जागी अंगणातली सावलीतली, ओली हवा आपल्या पायाने आत येत होती. ते दिवसचे दिवस वरून येणाऱ्याची वाट पाहत बसले होते. आणि जायचे होते त्याला त्यांनीच दारे लावून अडवले होते.

तेव्हा त्यांना उस्तादांचा हात आठवला. दाराकडून निघून वर मनोऱ्याकडे जाणारा तो सुरकुतलेला, मातीने माखलेला हात. आणि सकाळी छातीवर ठेवलेला तोच हात : मन मीरवम. मी निघतो. मीरवम आणि मीरवद, हे दोन शब्द वीस वर्षे त्यांच्याजवळ शेजारी शेजारी पडून होते आणि त्यांनी ते एकदाही एकमेकांना लावून पाहिले नव्हते.

अरुंधतीबाई रिकामा तांब्या घेऊन दारात आल्या, तो यजमान विझत आलेली उदबत्ती हातात धरून उभे. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"अगं, वारा मिरवत नव्हता."

"काय?"

"मीरवद. जातो. उस्ताद सांगत होते, वारा जातो. निघतो. मी मीरवम म्हणून रोज घराबाहेर पडत होतो आणि वाऱ्याला मात्र मिरवायला लावलं."

अरुंधतीबाईंनी तांब्या खाली ठेवला. कुठले तरी जुने व्याकरण मनाशी जुळवून पाहिले आणि मग त्या हसू लागल्या. हसताना खोकला येईल म्हणून प्रभाकररावांनी घाईने पाण्याचे भांडे पुढे केले. ते लागले नाही.

"वीस वर्षं मला मिरवणूक दाखवलीत," त्या म्हणाल्या. "आणि मी धातू शोधत बसले त्या वाताचा आणि ग्रहाचा. क्रियापद कोणी बघायचं? मास्तरीण मी आहे घरातली."

मेबोदहून येताना उस्तादांनी एक झीलू दिला होता. आपल्या जाजमासारखे, निळ्या-पांढऱ्या सुताचे तिथले जाड अंथरूण. इतकी वर्षे तो कपाटात डांबराच्या गोळ्यांत होता, कारण मेबोदला जाऊन आल्यावर तो वापरायचा असे ठरले होते. प्रभाकररावांनी तो काढला, दार आणि मनोरा यांच्या मधल्या वाटेवर अंथरला. अरुंधतीबाई त्यावर कलंडल्या. निळ्या नक्षीवरून एकदा बोट फिरवले, हे महिरपीसारखे काय आहे, असे विचारले, आणि उत्तर ऐकायच्या आत त्यांचा डोळा लागला. श्वास हलका चालला होता. लवंग तोंडात नव्हती.

प्रभाकरराव शेजारी बसले. मधूनमधून उठून पडद्यावर पाणी मारायचे आणि पुन्हा येऊन बसायचे, एवढेच काम त्यांना होते. बसले असता त्यांचा हात आपसूक तिच्या हातावर गेला. या खेपेला अक्षतेची सबब नव्हती.

केयूर आला तो घामाने निथळत, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. बॅगा दाराशीच दिसल्या म्हणून त्याने "बाबा, निघूया?" म्हणून तोंड उघडले, तोच वडिलांनी ओठांवर बोट ठेवले. तो चपला काढून हलकेच आत आला. आईकडे पाहिले; तिच्या ओठांचा रंग पाहिला. मग कपाळावरचा घाम वाळत चालल्याचे त्याचे त्यालाच जाणवले आणि तो वर मनोऱ्याकडे, मग समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे पाहू लागला.

"बाबा, समोर तर बंद झालंय सगळं," तो कुजबुजला. "येतोय कुठून वारा?"

"येत नाही," प्रभाकरराव म्हणाले. "जातोय."

केयूरला ते पुरते समजले नाही. परंतु त्याने वाद घातला नाही. थोडा वेळ भिंतीला टेकून बसला, पाय लांब केले, झीलूच्या कडेवर डोके टेकवले. उठला तेव्हा औषधांची पिशवी दारातून उचलून पलंगाशेजारच्या खुंटीला होती तशी अडकवून आला, आणि बॅगा आतल्या खोलीत सरकवताना चाकांचा आवाज होऊ नये म्हणून त्या दोन्ही हातांनी उचलून नेल्या.

ऊन कलले. बकुळीची सावली अंगण ओलांडून उंबऱ्याशी आली. अरुंधतीबाईंनी डोळे उघडले, मुलाला पाहिले, आणि सकाळचे सारे आठवून त्या उठू लागल्या.

"निघायचं ना?"

"वारा निघालाय," प्रभाकरराव म्हणाले. "तू पड अजून जराशी."